मागणी वाढली की विस्तारली?

"आत्या, सगळं पाठ होतं गं माझं. मग आठांपैकी तीनच?"

भाचीनं बारावीच्या अर्थशास्त्राची उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली. तीन पानं, सुंदर अक्षर, पट्टी धरून काढलेली आकृती, प्रत्येक मथळ्याखाली रेघ. ते तीन गुण मीच दिले होते आणि देताना मला वाईट वाटलं होतं. प्रश्न होता, 'मागणी निर्धारित करणारे घटक स्पष्ट करा.' तिनं लिहिला होता मागणीचा नियम, म्हणजे किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत उतरली की मागणी वाढते. अर्थशास्त्रज्ञ मार्शलचं विधान, गृहीतकं, मागणीपत्रक, आकृती, शेवटी गिफेनच्या वस्तू (किंमत वाढली की ज्यांची मागणीही वाढते अशा) आणि बाकीचे अपवाद. सगळी वाक्यं बरोबर होती, पण ती वेगळ्याच प्रश्नाच्या उत्तरातली होती.

मी तिला म्हटलं, "गृहीतकांचा परिच्छेद मोठ्यानं वाच." ती वाचू लागली. उपभोक्त्याचं उत्पन्न स्थिर असतं, आवडीनिवडी स्थिर असतात, पर्यायी आणि पूरक वस्तूंच्या किमती स्थिर असतात, लोकसंख्येचं आकारमान बदलत नाही, करधोरण बदलत नाही. "आता यातला प्रत्येक 'स्थिर' पुसून टाक. उत्पन्न वाढलं तर काय होईल ते सांग, पर्यायी वस्तू महागली तर काय होईल ते सांग." ती थोडा वेळ पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे उत्तर माझ्याच पानावर होतं?"

होतंच. नियम मांडताना जे घटक आपण हलू देत नाही, त्यांनाच या प्रश्नात हलवायचं असतं. तीन गुण त्या एका परिच्छेदाचे होते.

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर अशा पाच उत्तरपत्रिका येतात. एक भाचीची, दोन तिच्या मैत्रिणींच्या, दोन सोसायटीतल्या मुलांच्या. मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि मे २०२४ मध्ये निवृत्त झाले. बोर्डाचे पेपरही बरीच वर्षं तपासले, पण ते काम गोपनीय असतं, त्यातलं काही इथे लिहिणार नाही. खालची सगळी उदाहरणं कॉलेजच्या प्रिलिममधली किंवा या टेबलावरची आहेत. आता प्रिलिम तोंडावर आल्या आहेत. हे वाचून एखाद्या मुलाचे चार गुण वाचले तरी मला आनंद होईल.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. अभ्यास केलेली मुलं विषय न आल्यामुळे जेवढे गुण घालवतात, त्याहून जास्त गुण प्रश्नातला एक शब्द निसटल्यामुळे घालवतात. आणि अर्थशास्त्रात हे फार होतं, कारण या विषयाचे शब्द मुलं घरून घेऊन येतात. रसायनशास्त्रातला 'संप्लवन' हा शब्द घरात कुणी बोलत नाही. तो वर्गात भेटतो आणि आपला अर्थ सोबत घेऊनच भेटतो. मागणी, पुरवठा, किंमत, मूल्य, बाजार यांचं तसं नाही. आपल्याकडे मुलीला मागणी घालतात, संघटना मागण्या मांडतात, मूल जत्रेत फुग्याची मागणी करतं. अर्थशास्त्रातल्या मागणीला मात्र इच्छा असून भागत नाही. खिशात पैसे हवेत, ते खर्च करायची तयारी हवी, आणि 'अमुक किमतीला, अमुक काळात' हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थच नाही. मुलांना हे माहीत असतं. व्याख्या विचारली तर ती घडाघडा सांगतातही. पण पुढच्या प्रश्नात घरचा अर्थ हळूच परत येतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'मागणी वाढली'. मराठीत आपण हे दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी म्हणतो. मे महिन्यात हापूसची आवक वाढते, पेटीचा भाव उतरतो आणि आपण एकाऐवजी दोन पेट्या घेतो. तेव्हा म्हणतो, मागणी वाढली. दसऱ्याला झेंडू महागतो तरी प्रत्येक घरात तोरणासाठी येतोच. तेव्हाही म्हणतो, मागणी वाढली. पाठ्यपुस्तकात पहिल्याला मागणीचा विस्तार म्हणतात आणि दुसऱ्याला मागणीतील वृद्धी. विस्तार किमतीमुळे होतो, बाकी सगळं तसंच असतं. वृद्धी किमतीखेरीज दुसऱ्या कुठल्या तरी कारणानं होते.

झेंडूवर थोडं थांबते, कारण दरवर्षी निदान दोन-तीन हुशार मुलं माझ्याशी यावरून वाद घालायची. 'मागणीचा नियम निरपवाद आहे' या विधानाशी असहमती दाखवताना ती मोठ्या उत्साहानं लिहायची की दसऱ्याला झेंडूची किंमत वाढते आणि विक्रीही वाढते, म्हणून नियम इथे चुकतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण देण्याची त्यांची धडपड मला फार आवडायची. मंडईबाहेर, मार्केट यार्डाच्या फूलबाजारात त्यांनी ते पाहिलेलं असायचं. पण हा अपवाद नाही. समजा, एरवी ४० रुपये किलोचा झेंडू तुम्ही पाव किलो घेता आणि दसऱ्याला १०० रुपये किलोचा दोन किलो घेता. आता स्वतःला एकच प्रश्न विचारा. दसऱ्याच्याच दिवशी तो २०० रुपये झाला असता तर दोन किलोच घेतला असता का? नाही. दाराला तोरण लावलं असतं आणि गाडीचा हार लहान केला असता. म्हणजे नियम जागच्या जागी आहे. सणामुळे अख्खा मागणी वक्र, म्हणजे कुठल्या किमतीला किती मागणी ते दाखवणारी आकृतीतली रेघ, उजवीकडे सरकला आणि त्या नव्या वक्रावरही किंमत वाढली की मागणी आकसतेच. 'इतर परिस्थिती स्थिर असताना' हे शब्द नियमाच्या विधानात असतात ते याचसाठी. दसऱ्याला इतर परिस्थिती स्थिर नसते.

त्याच दिवशी दुपारनंतर रस्त्याकडेचे ढीग स्वस्त होतात तरी कुणी फिरकत नाही. किंमत कमी, मागणीही कमी. पुन्हा नियम मोडला? नाही. पूजा आटोपली, गरज संपली. तो मागणीतील ऱ्हास.

आकृतीत हा फरक लगेच दिसतो आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. विस्तार आणि संकोचाला (किंमत वाढल्यामुळे मागणी घटते तो संकोच) वक्र एकच असतो, आपण त्यावर खाली किंवा वर सरकतो. वृद्धी आणि ऱ्हासाला मूळ वक्राशिवाय दुसरा वक्र लागतो, किंमत मात्र तीच राहते. मुलं वृद्धीच्या आकृतीत दोन वक्र काढतात आणि सवयीनं किंमतही खाली आणतात. आकृती देखणी असते, पण ती ना याची ना त्याची. आणि अक्षांना नावं द्या. आडव्या अक्षावर मागणीची संख्या, उभ्या अक्षावर किंमत. नाव नसलेली आकृती ही नुसती रेघ असते, तिच्यावरून परीक्षक काहीच समजू शकत नाही.

आता मार्केट यार्डाची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील गुलटेकडीला मार्केट यार्डात तोलणार. सुट्टीच्या दिवशी हाही पहाटे त्यांच्याबरोबर कांदा-बटाटा विभागात जायचा. जानेवारी २०२४ च्या प्रिलिममध्ये त्यानं 'साठा आणि पुरवठा यांतील फरक स्पष्ट करा' याचं उत्तर लिहिलं होतं: साठा म्हणजे मालाचा साठा, पुरवठा म्हणजे मालाचा पुरवठा करणे. दोन ओळी, शून्य गुण. मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि पुस्तक मिटून ठेवायला सांगितलं. विचारलं, "उन्हाळी कांदा शेतकरी कुठे ठेवतो?" म्हणाला, "चाळीत." "सगळा एकदम यार्डात आणतो?" त्यावर तो हसला. "मॅडम, भाव बघून आणतात. भाव पडला तर चाळ उघडतच नाहीत."

मग मी म्हटलं, हेच लिही. चाळीत आहे तो साठा. आजच्या भावाला विकायला म्हणून ट्रकातून आला तो पुरवठा. किंमत वाढली की साठ्यातला जास्त हिस्सा पुरवठ्यात येतो. साठा पुरवठ्यापेक्षा जास्त असू शकतो, पुरवठा साठ्यापेक्षा जास्त असू शकत नाही. तो भराभर लिहून घेत होता. मध्येच थांबून म्हणाला, "पण मॅडम, लाल कांदा चाळीत टिकत नाही. काढला की आणावाच लागतो, मग भाव काही का असेना." मला इतका आनंद झाला! नाशवंत वस्तूंच्या बाबतीत साठा आणि पुरवठा जवळपास सारखाच असतो, हा मुद्दा पुस्तकात एका ओळीत आहे. या मुलानं तो पहाटेच्या यार्डातून स्वतः शोधून आणला होता. त्याला विषय माझ्याइतकाच येत होता. 'आवक' या शब्दालाच पुस्तक 'पुरवठा' म्हणतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं ते मी.

त्याच वर्षी कांदा सगळ्यांच्या तोंडी होता. केंद्र सरकारनं ८ डिसेंबर २०२३ पासून, आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून, कांद्याची निर्यात बंद केली होती. प्रिलिमच्या पेपरात कितीतरी मुलांनी ताजं उदाहरण म्हणून ते घातलं, आणि बहुतेकांनी लिहिलं, 'निर्यातबंदीमुळे कांद्याची मागणी वाढली.' उदाहरण चांगलं, साखळी उलटी. बाहेर जाणारा माल देशातच राहिला, म्हणजे इथल्या बाजारातला पुरवठा वाढला. त्यामुळे किंमत उतरली. किंमत उतरली म्हणून आपण पुणेकरांनी जास्त कांदा घेतला असेल तर तो मागणीचा विस्तार. चालू घडामोडीतलं उदाहरण देताना आधी कच्च्या पानावर बाण काढत जा. काय बदललं, त्यानं काय हललं, त्यानंतर काय हललं. अर्धं मिनिट लागतं.

'सहमत आहात की असहमत' या प्रश्नाबद्दल थोडक्यात. पहिल्या ओळीत स्पष्ट लिहा, 'मी या विधानाशी असहमत आहे.' मग कारणं. काही मुलं वर असहमत लिहून खाली सगळी कारणं सहमतीची देतात, कारण विधानातला 'नाही' त्यांनी वाचलेला नसतो. विधानातल्या 'सर्व', 'फक्त', 'नेहमी', 'केवळ' अशा शब्दांना पेन्सिलीनं गोल करा, बहुतेक वेळा विधानाची मेख तिथेच असते. 'सर्व निकृष्ट वस्तू गिफेन वस्तू असतात' हे असंच एक विधान. निकृष्ट म्हणजे उत्पन्न वाढलं की लोक जी कमी घेतात ती वस्तू. गिफेन वस्तू निकृष्ट असतेच, पण प्रत्येक निकृष्ट वस्तू गिफेन नसते.

किंमत निर्देशांकात, म्हणजे आधारवर्षाच्या किमती १०० धरल्या तर आजच्या किती ते सांगणाऱ्या आकड्यात, गणितापेक्षा वाचनच चुकतं. लास्पेअरच्या पद्धतीत भार आधारवर्षाच्या संख्येचा असतो, पाश्चेच्या पद्धतीत चालू वर्षाच्या. सूत्र लिहायच्या आधी हे शब्दांत लिहून बघा, अदलाबदल होणार नाही. उत्तर १२५ आलं तर किंमती २५ टक्क्यांनी वाढल्या असा त्याचा अर्थ होतो, १२५ टक्क्यांनी नव्हे. आणि 'महागाईचा दर घटला' म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं मुलं सर्रास लिहितात. मोठी माणसंही तसंच बोलतात. दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला तरी किंमती चढतच आहेत, फक्त चढण्याचा वेग कमी झालाय.

आकडेवारीवरून थोडं रागावूनच लिहिते. उत्तराला वजन यावं म्हणून मनानं आकडे लिहू नका. एका मुलीनं विकासदर दशांश चिन्हासकट लिहिला होता. विचारलं तर म्हणाली, "काहीतरी लिहायचं म्हणून." खात्रीचे चार आकडे पुरतात. रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून. कोषागार बिलं, म्हणजे सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रं, ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची, वर्षाच्या आतली, म्हणून ती अल्पमुदतीच्या नाणे बाजारात येतात, दीर्घमुदतीच्या भांडवल बाजारात नाही. हा शेवटचा आकडा बघा, तो नुसता आकडा नाही, त्याच्यातच कारण आहे. असे आकडे लक्षात ठेवा.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणातही भाचीसारखीच चूक होते. 'मापनातील अडचणी' विचारल्या की मुलं मापनाच्या पद्धती लिहितात, उत्पादन पद्धत, उत्पन्न पद्धत, खर्च पद्धत. अडचणी लिहायच्या तर दुहेरी गणनेनं सुरुवात करा आणि आपल्या गल्लीतली बेकरी डोळ्यांपुढे आणा. समजा २० रुपयांचा गहू, त्याचं ३० रुपयांचं पीठ, त्याचा ५० रुपयांचा पाव. तिन्ही मिळवले तर १०० होतात, पण राष्ट्रीय उत्पन्नात यायला हवेत ५०. प्रत्येक टप्प्यावर किती भर पडली ते मोजा, २० अधिक १० अधिक २०, तेही ५०च येतात. जुनी दुचाकी विकली तर तिची किंमत धरत नाहीत, मध्यस्थाची दलाली धरतात. आईचा सकाळचा स्वयंपाक धरला जात नाही, तोच डबा खानावळीतून आणला तर धरला जातो.

हे प्रकरण शिकवताना मी मुलांना बीएमसीसी रस्त्यावर गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या फाटकापर्यंत चालत न्यायची. संस्था १९३० ची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, आणि १९४९ साली संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली जी राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली तिचे तेही सदस्य होते. पुस्तकातलं एक वर्ष आणि एक नाव, दोन्ही आपल्या चालण्याच्या अंतरावर आहेत, हे मुलांना फाटकापाशी उभं राहिल्यावर कळायचं. त्या वर्षी कुणी १९४९ चुकवायचं नाही.

वेळेचा हिशेब मात्र रूक्षच आहे, पण करावा लागतो. ८० गुण, १८० मिनिटं, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. आठ गुणांच्या सविस्तर उत्तराला १८ मिनिटं, अशी दोन लिहायची म्हणजे ३६. ती पेपरात शेवटी असतात आणि बरीच मुलं त्यांच्यापर्यंत २० मिनिटं उरवून पोचतात. वस्तुनिष्ठ प्रश्नांचे २० गुण असतात, पण ते उत्तर माहीत असेल तर लवकर होतात आणि माहीत नसेल तर अर्धा तास विचार करूनही होत नाहीत. त्यात वाचलेला वेळ सविस्तर उत्तरांना द्या. प्रश्न क्रमांक समासात ठळक लिहा, मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करा. पर्यायांतून तीन लिहायचे असतील तर तीनच लिहा आणि चौथ्याचा वेळ आकृतीला द्या.

एक गोष्ट मला माझ्याबद्दल लिहायची आहे. पहिली दहा-बारा वर्षं मी नोट्स सांगायची. प्रत्येक उत्तराची सुरुवात ठरलेली: 'अर्थशास्त्र हे एक सामाजिक शास्त्र आहे. मानवाच्या गरजा अमर्याद असून...' मुलं ती प्रस्तावना पाठ करायची आणि प्रश्न कुठलाही असो, आधी ती उतरवून काढायची. सात-आठ ओळी, तीन-चार मिनिटं, गुण शून्य. एकदा एकाच गठ्ठ्यात चाळीस पेपरांत माझीच वाक्यं माझ्यापुढे आली, आणि अनेकांत त्यांच्यापुढे प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. मी त्यांना प्रश्न न वाचता लिहायला शिकवलं होतं. त्यानंतर नोट्स बंद केल्या. तासाला फळ्यावर फक्त एक प्रश्न लिहायची आणि पहिली पाच मिनिटं एकच काम द्यायची: या प्रश्नाचं उत्तर कुठल्या शब्दावर ठरतं ते सांगा. पेन हातात घ्यायचं नाही. सुरुवातीला मुलं वैतागायची, पालकांच्या तक्रारीही आल्या की मॅडम नोट्स देत नाहीत. मी त्या पालकांची समजूत काढत बसले, पण नोट्सकडे परत गेले नाही.

भाचीनं त्याच प्रश्नाचं उत्तर परवा पुन्हा लिहून आणलं. पहिलीच ओळ, 'मागणी पुढील घटकांवर अवलंबून असते.' किंमत, उत्पन्न, पर्यायी वस्तूंच्या किमती, पूरक वस्तूंच्या किमती, आवडीनिवडी, जाहिरात, लोकसंख्येचं आकारमान, करआकारणी. प्रत्येकाला दोन-तीन ओळी आणि एक उदाहरण. पूरक वस्तूला तिनं पेट्रोल आणि स्कूटर दिलं, पर्यायीला चहा आणि कॉफी. वीस मिनिटं लागली. मी सात दिले. एक राखून ठेवला, कारण लोकसंख्येच्या मुद्द्यात तिनं 'मागणीचा विस्तार होतो' असं लिहिलं होतं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "बाबांनी मंडईतून पाच किलो मटार आणलाय. स्वस्त झाला म्हणून की रविवारी पाहुणे येणार म्हणून, ते त्यांना विचारते आणि मग सांगते विस्तार की वृद्धी."